जुन्या शेतघरात राहताना रोजच्या कामाला अर्थ कसा आणावा

शेतातल्या जुन्या घरात राहायला जाणाऱ्याचा पहिला महिना बहुधा मजेत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मात्र पावसाचे थेंब नेमके उशाशी टपकू लागतात, माळ्यावर रात्रभर काहीतरी पळत राहते, मागचे दार अर्ध्यावर अडते आणि ज्या निवांतपणासाठी एवढा खटाटोप केला तो गेला कोठे, असा प्रश्न पडतो. या टप्प्यावर काही जण घर विकायला काढतात, काही जण त्याचे सगळे जुनेपण झाकून टाकतात आणि काही जण चिवटपणे राहतात. हा लेख या तिसऱ्या प्रकारच्या लोकांसाठी आहे. सुट्टीपुरते जाऊन येण्याच्या फार्महाऊसचा विचार येथे केलेला नाही. बाराही महिने ज्याचे दार रोज सकाळी आपल्यालाच उघडायचे असते, अशा घराविषयी सांगायचे आहे.

‘अर्थ’ हा शब्द फार मोठा आहे, म्हणून त्याची हद्द आधीच आखून घेतो. आज केलेले काम कशासाठी केले आणि ते केले नसते तर काय बिघडले असते, हे संध्याकाळी हात धुताना स्वतःला सांगता आले, तर तो दिवस सार्थकी लागला असे मी धरतो. जुन्या घराचे या बाबतीत उपकारच मानायला हवेत, कारण त्याचे काहीही लपून राहत नाही. नव्या इमारतीत पाणी कोठून येते, कोठे जाते आणि छताचा भार नेमका कोणावर आहे, हे राहणाऱ्याला सहसा दिसत नाही. जुन्या घरात तुळई दिसते, खांब दिसतो, खांबाखालचा दगड दिसतो आणि हयगयीचे फळही दिसते. पन्हळीत साठलेला पाला काढायचा राहिला, तर पुढच्या दोन पावसांत भिंतीवर ओलीचा पट्टा उमटतो आणि तो पट्टा आपल्या नावाचा असतो.

पहिले वर्ष हात आवरावा

नव्या उत्साहात माणूस सर्वांत आधी पाडापाडी करतो. भिंत काढून खोली मोठी करावी, खिडकी रुंद करावी, फरशी बदलावी असे बेत पहिल्याच आठवड्यात ठरतात. माझा सल्ला असा की घराचे सगळे ऋतू पाहून होईपर्यंत त्याच्या रचनेला हात लावू नये. कोणती खोली कोणत्या महिन्यात गार राहते, वारा कोणत्या बाजूने घुसतो आणि ओल कोठपर्यंत चढते, हे वर्षभर तेथे राहिल्याशिवाय कळत नाही. ती लहानशी, चुकीच्या दिशेला वाटणारी खिडकी बहुतेक वेळा चुकीची नसते.

याला तीन अपवाद आहेत आणि ते लांबणीवर टाकू नयेत. विजेच्या जुन्या तारा जाणकार माणसाकडून तपासून घ्याव्यात. तुळया आणि खांब कोठे खचले आहेत का, हेही अशाच माणसाला दाखवावे. आणि पाण्याचा निचरा पहिल्या पावसाच्या आधी नीट करावा. यांपैकी पाण्याचे गणित प्रत्येकाने स्वतः करून पाहण्यासारखे आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. छत १०० चौरस मीटरचे असेल आणि रात्रीतून ३० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका छतावरून ३,००० लिटर पाणी उतरते. ते भिंतीच्या पायथ्याशी पडत राहिले, तर आत कितीही रंग लावला तरी तो टिकत नाही. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की शिडी लावून पन्हळ साफ करणे हे कंटाळवाणे काम राहत नाही, कारण आपण नक्की किती पाणी कोठून कोठे वळवतो आहोत हे आपल्याला आकड्यात माहीत असते. आणखी एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. फार जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा घासून काढू नये. ती धूळ विशेषतः लहान मुलांना घातक असते.

हात न आवरल्याने काय होते याचा माझाच एक दाखला देतो. राहायला आल्यावर पहिल्या पावसाळी हवेत आमच्या घराचे मागचे दार चौकटीत घट्ट बसले. मी दुसऱ्याच दिवशी दार बिजागऱ्यांतून उतरवले आणि त्याच्या कडेला रंधा मारला. दार अगदी अलगद लागू लागले आणि मी स्वतःवर खूश झालो. हवा कोरडी झाली तेव्हा दाराच्या आणि चौकटीच्या मध्ये करंगळी जाईल एवढी फट पडली आणि त्या फटीतून वारा आत येऊ लागला. लाकूड हवेतला ओलावा घेऊन फुगते आणि सुकले की आकसते. हा फरक प्रामुख्याने त्याच्या आडव्या अंगाला पडतो, लांबीत जवळजवळ पडतच नाही. हे मला वाचून ठाऊक होते, पण हाताला ठाऊक नव्हते. पुढे फट बुजवण्यासाठी दार पुन्हा उतरवले, तेव्हा त्याच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ओढलेल्या तीन बारीक रेघा दिसल्या. एकीपुढे अस्पष्ट अक्षरांत महिना लिहिलेला होता, इतर दोन माझ्या रंध्याने अर्ध्या उडाल्या होत्या. माझ्या आधी तेथे राहणाऱ्या कोणीतरी दार कधी किती फुगते याची नोंद करून, मग न तासण्याचे ठरवले होते. तेव्हापासून एखादे दार अडू लागले की मी घासणाऱ्या जागी कोरडा साबण चोळतो, कडेला रेघ ओढतो आणि थांबतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

रोजची फेरी

रोज एकाच वेळी, एकाच वाटेने, घराभोवती एक फेरी मारावी. सकाळची वेळ उत्तम, कारण तिरप्या उजेडात भिंतीवरचे उंचवटे, तडे आणि ओलीचे डाग स्पष्ट दिसतात. दुपारच्या उन्हात तीच भिंत अगदी निर्दोष वाटते. फेरीला पाऊण तास लागत असेल, तर आपण फार काही पाहण्याचा अट्टहास करतो आहोत असे समजावे. पंधरा मिनिटे पुरतात. फोन घरात ठेवावा. फोटो काढून ठेवलेली गोष्ट पाहिली गेली असे मनाला वाटते, पण ती पाहिलेली नसते.

काय पाहावे, हे घरच शिकवते. सुरुवातीला वळचणीपासून नजर खाली आणावी: कौल सरकले आहे का, पन्हळ कोठे झुकली आहे, गिलाव्याला फुगवटा आला आहे का, भिंतीच्या पायथ्याशी पांढरा लोणा फुटला आहे का. लाकडाखाली पिठासारखा ताजा, फिकट भुसा पडलेला दिसला, तर आत घूण जागी आहे असे समजावे. जुना भुसा काळपट असतो आणि झाडून काढल्यावर पुन्हा पडत नाही, म्हणून आधी झाडून घ्यावे आणि आठवडाभराने पुन्हा बघावे. भिंतीवरून वर चढणारी मातीची बारीक नळी दिसली, तर ती वाळवीची वाट असते. ती नुसती मोडून समाधान मानू नये. ती जमिनीतून कोठून निघाली आहे हे शोधावे, कारण वाळवी बहुधा ओलाव्याच्या मागोमाग येते.

फेरीच्या शेवटी एकच छोटे काम करावे. एक सैल स्क्रू आवळावा, एक कौल जागेवर बसवावे, कडीला तेलाचा थेंब द्यावा. एकापेक्षा जास्त कामे दिसली तर ती वहीत उतरवावी आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी. या शिस्तीला जुना आधार आहे. इंग्लंडमध्ये १८७७ साली विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांच्या जाहीरनाम्याचा रोख भव्य जीर्णोद्धाराच्या विरोधात होता. इमारतीची पडझड रोजच्या निगेने थोपवावी, कलती भिंत टेकू देऊन सावरावी आणि गळते छत दुरुस्त करावे, असे त्यांनी सांगितले. त्यांच्यासमोर प्रार्थनास्थळे आणि मोठ्या वास्तू होत्या, पण शेतातल्या चार खोल्यांच्या घरालाही हे तंतोतंत लागू पडते. एकदाच भरपूर पैसा ओतून घर ‘करून टाकणारे’ लोक मी पाहिले आहेत. काम संपते त्या दिवशी त्यांना घरात करण्यासारखे काही उरत नाही, आणि पाच वर्षांनी सगळे एकदम पुन्हा उपटते.

या फेरीला ध्यान वगैरे म्हणण्याचा मोह मला कधी झालेला नाही. ध्यानात लक्ष स्वतःकडे वळते, फेरीत ते पन्हळीकडे असते, आणि माझा अनुभव असा की ज्या दिवसांत मन स्वतःभोवतीच घिरट्या घालत असते, त्या दिवसांत पन्हळच जास्त उपयोगी पडते.

घरात आपल्याखेरीज कोण कोण राहते, हेही फेरीत उमगत जाते. आमच्या गोठ्याच्या माळ्याखाली काळपट, अंगठ्याएवढ्या गुठळ्या पडलेल्या असत आणि मी त्या बरेच दिवस विष्ठा समजून झाडून टाकत होतो. एक दिवस एक गुठळी पाण्यात भिजवून काडीने सोडवली, तर आत राखाडी केसांत गुंडाळलेली उंदराची अख्खी कवटी, दोन जबडे आणि सुईसारखी हाडे निघाली. वर गव्हाणी घुबड राहत होते. घुबड भक्ष्य जवळजवळ सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस अशा गुठळ्यांच्या रूपाने तोंडातून बाहेर टाकते. उंदरांसाठी विष आणायचा माझा बेत त्या दिवशी रद्द झाला, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरू शकते. माळ्याची एक झडप आम्ही आता मुद्दाम उघडी ठेवतो.

वही

वही नसेल तर फेरीतले निम्मे वाया जाते. साधी, शिवलेली, जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी आणि ती एकाच जागी, शक्यतो दाराजवळ, पेन्सिलीसह ठेवावी. ओलसर हातांनी लिहिताना शाई पसरते. रोज दोन ते चार ओळी लिहाव्या. तारीख, हवा, काय दिसले आणि काय केले, एवढेच. मनाची अवस्था लिहू नये असा माझा आग्रह आहे. भावना लिहायची रोजनिशी वेगळी असावी, कारण ‘आज उदास वाटले’ या वाक्याचा दोन वर्षांनी घराला उपयोग होत नाही, आणि ‘उत्तरेच्या भिंतीला जमिनीपासून दोन विटांपर्यंत ओल’ या वाक्याचा होतो. विशेष म्हणजे तेच वाक्य पुन्हा वाचताना त्या दिवशीची उदासीही आठवते.

अशा कोरड्या नोंदींचे मोल केवढे असू शकते, याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. इंग्लंडमधील नॉरफक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ सालापासून आपल्या जमिनीवरच्या वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. पहिले फूल कधी उमलले, कोणत्या झाडाला पालवी कधी फुटली, पाकोळ्या कधी परतल्या, बेडूक कधी ओरडले, अशा सत्तावीस गोष्टींच्या तारखा तो लिहीत गेला, आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांनी ही नोंद १९५८ पर्यंत चालू ठेवली. आज हवामानातील बदलांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ या तारखा वापरतात. मार्शमला यातले काहीच अभिप्रेत नव्हते. त्याला आपल्या झाडांची काळजी होती आणि तारीख लिहायची सवय होती.

आपल्याकडे सत्तावीस गोष्टी नसतील, पण पाच-सहा नक्की असतात. विहीर असेल तर दोरीला गाठ मारून महिन्यातून एकदा पाण्याची पातळी मोजावी. अंगणातल्या एकाच झाडाची पालवी, मोहोर आणि पानगळ टिपावी. सूर्योदयाची जागा क्षितिजावरच्या एखाद्या झाडाच्या किंवा टेकडीच्या खुणेने नोंदवावी. पृथ्वीवर कोठेही राहत असलात, तरी २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतो. त्या दिवसांत त्याची जागा रोज लक्षात येईल इतकी सरकते, तर जून आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती कित्येक दिवस जागच्या जागी असल्यासारखी वाटते.

याहून मजेचा एक प्रयोग सांगतो, त्याला जुन्या घराच्या फटी फार सोयीच्या पडतात. झडपेला किंवा दाराला भोक असेल आणि त्यातून उन्हाचा लहानसा ठिपका जमिनीवर पडत असेल, तर दर आठवड्याला घड्याळाच्या ठरावीक वेळी त्या ठिपक्याच्या मधोमध खडूने किंवा पेन्सिलीने खूण करावी. पहिले दोन महिने खुणा एका ओळीत जात आहेत असे वाटते. मग ओळ वाकते, परत फिरते, स्वतःलाच छेदते आणि वर्षअखेर जमिनीवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी लांबट आकृती तयार होते. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि सूर्याभोवतीची तिची कक्षा पूर्ण गोल नाही, या दोन गोष्टींची ती मिळून उमटलेली सही असते. आमच्या आकृतीत चार खुणा कमी आहेत. दोन आठवडे आभाळ भरलेले होते आणि दोन आठवडे मी विसरलो होतो. कोणत्या खुणा कशाने चुकल्या हे वहीत लिहिलेले आहे.

एक कसब स्वतःच्या हाताने

घराची सगळी कामे स्वतः करण्याच्या फंदात पडू नये. त्यात कंबर मोडते आणि काम वाईट होते. पण एक कसब, फक्त एक, असे निवडावे की ते या घराला कायम लागते, हळूहळू सुधारता येते आणि चुकले तरी छत कोसळत नाही. कोणी हत्यारांना धार लावायला शिकेल, कोणी फळझाडांची छाटणी आणि कलमे करील, कोणी खुर्च्या विणील. मी चुन्याचे काम निवडले, आणि तेही एका चुकीचे प्रायश्चित्त म्हणून.

आमच्या घराची एक भिंत ओली होती. मी गवंड्याला सांगून तिला आतून-बाहेरून सिमेंटचा दणकट गिलावा करवून घेतला. वर्षभर भिंत कोरडी ठणठणीत दिसली. दुसऱ्या वर्षी गिलाव्यावर टिचकी मारली की पोकळ आवाज येऊ लागला, आणि तिसऱ्या वर्षी त्याचा दाराएवढा तुकडा निघून पडला. त्याच्या मागचे दगड घामेजल्यासारखे ओले होते आणि सांध्यांतला जुना चुना भिजलेल्या वाळूसारखा बोटाने निघत होता. गवंड्याचा यात दोष नव्हता. त्याने सांगितलेले काम चोख केले होते. दोष माझ्या समजुतीचा होता. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली घेतले आणि खेड्यांपाड्यांच्या बांधकामात ते सर्वत्र रुळायला त्यानंतरही पुष्कळ काळ गेला. त्याआधीच्या, आणि कित्येक ठिकाणी त्यानंतरच्याही, घरांच्या भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात. अशी भिंत थोडे पाणी पिते आणि कोरड्या हवेत ते सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा किंवा प्लॅस्टिक रंगाचा थर चढवला की पाणी आत जायच्या वाटा बंद होत नाहीत, कारण जमिनीतून आणि बारीक तड्यांतून ते येतच राहते. बंद होते ती बाहेर पडायची वाट.

म्हणून सिमेंट काढून सांधे पुन्हा चुन्याने भरायचे ठरले, आणि ते मी शिकलो. पद्धत थोडक्यात अशी. विझवून मुरवलेला चुना आणावा; कळीचा चुना घरी विझवण्याचा खटाटोप नवख्याने करू नये, कारण पाणी पडताच तो उकळतो आणि त्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. मुरवलेला चुना हाताळतानाही हातमोजे आणि चष्मा हवाच. सांध्यातला सैल माल काढून सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत जागा मोकळी करावी, धूळ ब्रशने झाडावी आणि सांधा पाण्याने भिजवावा, कारण कोरडा दगड नव्या मालातले पाणी लगेच ओढून घेतो आणि माल भुसभुशीत होतो. एक भाग चुना आणि सुमारे तीन भाग खरखरीत, स्वच्छ वाळू असा माल करावा. पाणी शक्य तितके कमी घालावे. माल मळता मळता मऊ होतो, आणि नवख्याला तो कोरडा वाटून पाणी घालावेसे वाटते तेथेच काम बिघडते. मग पट्टीने माल आत दाबत जावा आणि काही दिवस वर ओले गोणपाट लटकवून ऊन आणि वारा यांपासून तो जपावा.

पुढे जे होते ते सावकाश होते. चुना म्हणजे मुळात सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजलेला चुनखडीचा दगड. भाजताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि भिंतीत भरल्यावर तो हवेतून तोच वायू परत घेत घेत पुन्हा चुनखडी बनतो. पृष्ठभागावर हे लवकर घडते, खोलवर व्हायला महिने आणि जाड भिंतीच्या गाभ्यात वर्षे लागतात. बारीक तडा गेला, तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना त्या तड्यात पुन्हा साचून तो काही वेळा आपोआप बुजतो. अशा मालाबरोबर काम करताना घाईला जागाच उरत नाही. पहिल्या दिवशी माझे दोन हातांचे अंतर जेमतेम भरून झाले होते आणि त्यातलेही निम्मे मला पुन्हा काढावे लागले. आता दिवसाला साधारण एक चौरस मीटर काम होते. भिंतीवर डावीकडून उजवीकडे चालत गेले, तर माझे शिकणे सांध्यासांध्यांत दिसते: सुरुवातीचे सांधे गबाळे, दगडांवर चढलेले, मधले फार गुळगुळीत, आणि शेवटचे बरे.

असे एक काम हाताशी असले की बाकीचा दिवस कसाही गेला तरी त्याला एक कणा राहतो. शिवाय दुसऱ्याने केलेले काम ओळखता येऊ लागते, आणि जुन्या घरात हा मोठाच आनंद आहे.

आधीच्या माणसांच्या खुणा

घरात विनाकारण दिसणाऱ्या वस्तू निदान दोन वर्षे तरी काढू नयेत. आमच्या पडवीच्या खांबाला कमरेच्या उंचीवर एक लाकडी खुंटी होती. कपडे टांगायला ती फार खाली आणि बसायच्या जागेपासून फार दूर. ती जाता-येता माझ्या कुशीला लागायची, आणि ती कापून टाकायचे मी दोनदा ठरवले होते. एका रात्री वीज गेलेली असताना मी दोन्ही हातांत बादल्या घेऊन आत येत होतो आणि कंदील ठेवायला जागा शोधताना तो त्या खुंटीला अडकवला. उजेड बरोबर पायरीच्या कडेवर पडला. वर लटकवलेल्या कंदिलाची सावली त्याच्या बुडाखाली, म्हणजे नेमकी पायरीवर पडली असती. कमरेइतक्या उंचीवरून बाजूने येणाऱ्या उजेडात पायरी आणि तिच्या पुढचा खळगा दोन्ही दिसत होते. कोणीतरी कधीतरी त्या खळग्यात पडले असणार, आणि दुसऱ्या दिवशी खुंटी ठोकली गेली असणार.

अशा खुणांची एक यादी वहीच्या मागच्या बाजूला करावी आणि उत्तर सापडेल तसे ते समोर लिहावे. परिसरातल्या वयस्कर माणसांना विचारावे. त्यांना आमंत्रण देऊन घर दाखवावे, कारण घर पाहताना त्यांना जे आठवते ते नुसते विचारून आठवत नाही. आमच्या यादीतल्या अकरा गोष्टींपैकी चारांचा उलगडा झाला आहे. माळ्याकडच्या भिंतीतल्या कोनाड्याला आतून काजळी का आहे, हे अजून कळलेले नाही.

न जमणारे दिवस

हे सगळे रोज जमत नाही. आजारपण येते, पैशाची ओढाताण होते, आणि ओळीने आठ दिवस पाऊस लागला की घर आपल्या जिवावर उठल्यासारखे वाटते. त्या दिवसांसाठी दोन-तीन गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्या. फेरी चुकली तर चुकली. वहीत तारीख घालून ‘फेरी नाही’ एवढे लिहावे. गळती थांबत नसेल तर खाली बादली ठेवावी आणि ती किती वेळात भरते ते पाहावे, म्हणजे नंतर दुरुस्ती करणाऱ्याला नेमके सांगता येते.

एकटेपणाकडे मात्र दुर्लक्ष करू नये, कारण शेतातल्या घरात तो शांततेच्या वेषात येतो आणि लवकर ओळखू येत नाही. आठवड्यातला एक दिवस दुसऱ्या कोणाबरोबर काम करण्यासाठी राखून ठेवावा. गप्पांसाठी बोलावलेला पाहुणा एकदा येऊन जातो. कामासाठी बोलावलेला माणूस पुन्हा येतो, कारण आपण लावलेले कौल टिकले का हे त्याला बघायचे असते. आपणही त्याच्याकडे जावे. आणि घरातल्या इतरांवर या छंदाची सक्ती करू नये. माझ्या घरात चुना हा विषय जेवताना काढायला बंदी आहे, आणि ती रास्त आहे.

कधी कधी घर सोडावेच लागते. वय वाढते, मुले दूर असतात, शिडी चढवत नाही. घर म्हणजे आपण, असा समज करून घेतलेल्यांना ते फार जड जाते. आपल्या आधी येथे कोणी राहिले आणि आपल्यानंतरही राहील, हे वहीत पहिल्यापासून गृहीत धरलेले असेल, तर सोपे जरी नाही तरी रीतसर होते. त्यासाठी वहीचे शेवटचे पान राखून ठेवावे आणि ते दर वर्षी नव्याने लिहावे. पाण्याचा मुख्य नळ कोठे बंद होतो. कोणत्या तुळईला आतून पोखर आहे आणि टेकू कधी दिला. उत्तरेच्या भिंतीला सिमेंट लावू नये. माळ्याची झडप घुबडासाठी उघडी आहे. पडवीतली खुंटी काढू नये, कंदील लावून पाहावा. आणि मागचे दार ओल्या हवेत अडते, तेव्हा साबण उंबरठ्याच्या उजवीकडच्या कोनाड्यात आहे.